एकशे वीस वेढे

"एक स्क्रू म्हणून फेकला नाही या माणसानं," डबा पुसता पुसता आई थोरलीच्या कानाशी पुटपुटली. "माझ्या बशीचा टवका उडाला की बशी चालली बाहेर. आणि हे बघ. खिळे. तेही वाकडे. वर चिठ्ठी लावलीय."

"काय लिहिलंय?"

"'वाकडे खिळे.'"

थोरलीला हसू आलं, ते तिनं नाकातल्या नाकात जिरवलं. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आप्पा पाठमोरे बसले होते, आणि या वयातही त्यांना नको ते नेमकं ऐकू यायचं.

रविवारची दुपार होती. मागच्या भिंतीत उंच बसवलेल्या काचेतून उन्हाचा एक तिरका पट्टा खाली उतरला होता आणि त्यात इतक्या वर्षांची धूळ, कुठं जायची घाई नसल्यासारखी, तरंगत होती. वार्निशचा वास, तापून थंड झालेल्या तांब्याचा वास. दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर घर, खाली दुकान, मधे लाकडी जिना. पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी इथं यायच्या. त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी गुंडाळायची, आणि मोटर पुन्हा गुणगुणायला लागली की गिऱ्हाइकाला हाक मारायची. याला दुकानात 'मोटर भरणं' म्हणत. परवा, मंगळवारी, दुकानाच्या किल्ल्या नव्या भाडेकरूला द्यायच्या होत्या.

दुकान बंद करतोय, हे धाकट्यानं, थोरलीच्या भावानं, महिन्यापूर्वी जेवता जेवता सांगितलं होतं. मोटर आता कोणी भरून घेत नाही, फेकतात आणि नवी आणतात. आपण पंप विकणाऱ्या कंपनीत नोकरी धरतोय. आप्पा घास चावत राहिले होते. चावून झाल्यावर म्हणाले होते, "भाजीत मीठ कमी आहे." त्या विषयावर घरात झालेली चर्चा ती एवढीच.

आज सगळे आवराआवरीला जमले होते. सगळे म्हणजे धाकट्याची बायको सोडून. ती शहाणी. तिनं आजची ड्यूटी मागून घेतली होती. थोरली दोन तासांचा बसचा प्रवास करून आली होती, आणि मनात एकच मागणं घेऊन आली होती. कोपऱ्यातलं ते हातानं फिरवायचं गुंडाळणीचं यंत्र. लोखंडी, लाकडी मुठीचं, वेढे मोजायला बाजूला आकड्यांची चकती असलेलं. भंगारात जायचं ते. सकाळपासून तिनं तीनदा तोंड उघडलं होतं, आणि तीनदा भलतंच विचारून मिटलं होतं. एकदा कात्री विचारली, एकदा वेळ, एकदा जिन्यावरचा दिवा चालतो का ते.

कारण "ते यंत्र मला द्या" म्हटलं की कोणीतरी विचारणार, "तुला कशाला?" आणि त्याचं खरं उत्तर "मला येतं म्हणून" हे होतं. ते उत्तर द्यायचं तर अडतीस वर्षांपूर्वीची एक दुपार उकरून काढावी लागली असती.

ती दुपार भिंगरीनंच उकरली, तिला काही ठाऊक नसताना.

भिंगरी म्हणजे धाकट्याची लेक. आठ वर्षांची. एका जागी बसायचं कसं असतं हे तिला अजून कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. ती फळीखालून रांगत बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती आणि हातात बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा.

"आजोबा, यात घोड्याचा नाल आहे."

"नाल नाही, चुंबक आहे," आप्पा म्हणाले, आणि डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

आतल्या वस्तूकडं न बघता आईनं थोरलीकडं बघितलं. थोरलीनं धाकट्याकडं. धाकटा जिन्याशी खोकी बांधत होता, त्याचा सुतळीवरचा हात थांबला. तिघांची नजर क्षणभर एकमेकांत अडकली आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला, नको तितकं मन लावून.

डब्यात खेळण्यातली मोटर होती. तळव्याएवढी लाकडी पाटी, तिच्यावर लाल रंगाचं चुंबक, चुंबकाच्या मिठीत तीन बोटांचं आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग. प्रत्येक बोटावर केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी. पुढं पत्र्याचा कातरलेला चिमुकला पंखा. तारेच्या कारखान्याचा एक फिरता विक्रेता मोठ्या ऑर्डरीवर खूश होऊन ती ठेवून गेला होता, तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती आणि धाकटा नऊ.

"ही कोणी भरलीय माहीत आहे?" आप्पा भिंगरीला म्हणाले. "तुझ्या बाबानं. तुझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठा होता. जळलेली मोटर एका दुपारी भरून ठेवली. मी बाहेरच्या कामावरून येऊन बघतो तर काय, वेढ्याला वेढा चिकटून. त्याच दिवशी ठरवलं, दुकान याचं."

ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती आता भिंतीवरच्या घड्याळासारखी झाली होती. कोणी तिच्याकडं बघत नसे, आणि ती मात्र चालू असे.

झालं होतं ते वेगळंच. खेळण्यातली मोटर धाकट्यानं मोठ्या बॅटरीला जोडली, धूर निघाला, आणि पोरगं वरच्या पलंगाखाली जाऊन रडत बसलं. आप्पा तेव्हा हात उगारणारे होते. थोरलीनं माळ्यावर बसून, डाव्या हातानं, कारण ती डावरी, तिन्ही बोटं उलगडली आणि पुन्हा भरली. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "कोणी केलं हे?" आणि आईनं, लेकराच्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघत, सांगून टाकलं, "त्यानं." एकच शब्द. त्या शब्दावर पुढं माणसाचं अख्खं आयुष्य चढवलं गेलं.

दुकान धाकट्याला का, याची कारणंही मग घरानं जमवली. थोरली अभ्यासात हुशार, तिचं इथं वाया जाईल. थोरलीचे हात काळे होतील. थोरलीला वार्निशच्या वासानं डोकं दुखतं. तिचं डोकं कधीही दुखलं नव्हतं, पण कारण चांगलं होतं, ते राहिलं. थोरली नकाशांच्या कचेरीत लागली, फाटलेले जुने नकाशे पातळ कागदानं सांधायला. धाकटा रोज सकाळी दुकानाचं शटर वर करू लागला. त्याला माणसं आवडायची, तारा नाहीत. गिऱ्हाइकाला तो बोलण्यात असा गुंतवायचा की माणूस मोटर विसरून घरी जायचा. भरायचं काम पगारी कारागीर करत. आप्पांनी हात दाखव म्हटलं की याचं बोट कापलेलं असायचं.

आणि थोरलीनं त्या दुपारनंतर आप्पांसमोर तारेला हात लावला नाही. एकदाही.

"चालत नाही का ही?" भिंगरीनं विचारलं.

"चालवू," आप्पा म्हणाले. "मंगळवारच्या आत चालवू."

त्यांनी एक सेल आणि बारका दिवा घेऊन एकेका गुंडाळीची टोकं तपासली. पहिलीवर दिवा लागला. दुसरीवर लागला. तिसरीवर मुका राहिला.

"आत कुठं तरी तुटलीय. दोन चांगल्या आहेत, एवढी एक भरायची."

"तीन कशाला लागतात?"

आप्पा थांबले. उन्हाचा पट्टा आता त्यांच्या गुडघ्यावर आला होता. "या तिघी बहिणी समज," ते सावकाश म्हणाले. "चुंबकाला यातली एक आवडते. तो तिला ओढतो. ती निघते, जवळ येते, आता पोचणार, तोच तिची वीज जाते आणि दुसरीला येते. मग त्याला दुसरी आवडायला लागते."

"म्हणजे त्याला कोणीच भेटत नाही?"

"भेटली तर मोटर थांबेल."

भिंगरीनं यावर बराच वेळ विचार केला. थोरली हातातला फडका तसाच धरून ऐकत होती. तिला वाटलं, हा माणूस आपल्याशी असं कधी बोलला होता? बोलला असेलही. माणूस म्हातारा झाला की त्याच्यातून दुसरा, मऊ माणूस निघतो, आणि तो नातवंडांच्या वाट्याला जातो.

आप्पांनी तिसरी गुंडाळी उलगडायला घेतली. बोटांना घाई नव्हती. उन्हात लालसर झालेली तार वेढ्यावेढ्यानं सुटत त्यांच्या मांडीवर साचत गेली. एकदा ते थांबले. तार डोळ्यांजवळ नेली, पुन्हा सोडवू लागले.

"घे," उलगडून झाल्यावर ते धाकट्याला म्हणाले. "तूच भरली होतीस. एकशे वीस वेढे. आता लेकीसमोर भर."

"माझा चष्मा वर राहिलाय."

"डोक्यावर आहे बाबा," भिंगरी म्हणाली.

"तो लांबचा आहे," धाकटा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "ताई भरेल ना. ताईचा हात बारीक कामाला बसलाय. नकाशे-बिकाशे."

"ती कशाला?" आई घाईघाईनं मधे पडली. "बाजारात हव्या तितक्या मिळतात नव्या. आणून देऊ पोरीला एक."

"बस, थोरले," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं.

थोरली बसली. आर्मेचर तिच्या तळहातावर आलं तेव्हा तिला त्याचं वजन ओळखीचं वाटलं. तिचा डावा हात आपणहून पुढं सरसावला, आणि तिनं तो मागं घेतला. उरलेल्या दोन गुंडाळ्या तिथंच होत्या, तिच्या हातच्या. त्यांच्याशेजारी तसेच डावरे वेढे घातले, तर मोटारी भरण्यात जन्म गेलेल्या माणसाला काय कळणार नाही? दोन दिवसांवर तर आलं होतं सगळं. दोन दिवसांसाठी धाकट्याला त्याच्या लेकीसमोर उघडं पाडायचं कशाला?

तिनं आर्मेचर डाव्या हातात धरलं आणि तार उजव्या हातात घेतली.

भिंगरीनं नव्या तारेचं रीळ दोन बोटांच्या मधे धरलं होतं. तिनं तोंड उघडलं, तशी आईनं ओठांवर बोट ठेवलं. मोजणी चालू झाली की बोलायचं नाही, हा या घराचा पहिला कायदा. एक वेढा चुकला तर मोटर जळते. आप्पा मोजत असताना दूध उतू गेलं होतं, पाहुणे दारात ताटकळले होते, आणि घरात अडचणीचं काही निघालं की आप्पांच्या हातात नेमकी कोणाची तरी मोटर यायची.

"एक," थोरली म्हणाली. "दोन. तीन."

लहानपणी दोघं भावंडं वरच्या खोलीत या आकड्यांवरच झोपी जात. फळ्यांच्या फटींतून खालचा उजेड आणि आप्पांचा एकसुरी आवाज वर यायचा, चारशे अकरा, चारशे बारा, आणि झोप कितव्या वेढ्याला लागली ते सकाळी आठवत नसे. आता तोच सूर तिच्या तोंडून येत होता. आईचे डोळे पेंगुळले. धाकटा जिन्याच्या पायरीवर टेकला. रीळ भिंगरीच्या बोटांत इवलंसं कुरकुरत फिरत होतं.

फक्त हात ऐकत नव्हता. उजव्या हातानं वेढे एकमेकांवर चढत होते, मधे फट राहत होती, तार एकदा निसटली. सत्तरीला तिचं मनगट भरून आलं. एकशे वीस म्हणाली तेव्हा बोटावरची ती गुंडाळी झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी दिसत होती.

"आत्या," भिंगरीच्या तोंडून इतका वेळ कोंडलेलं सुटलं, "तू तर डावरी आहेस."

"हो गं. बदल म्हणून."

टोकांना कथलाचा डाग धाकट्यानं दिला. तेवढं त्याला छान यायचं. आप्पांनी आर्मेचर चुंबकात बसवलं, पितळी पट्ट्या टेकवल्या आणि दोन सेल जोडले.

पंखा हलला. अर्धा फेरा गेला, थरथरला, थांबला. भिंगरीनं बोटानं ढकललं. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा त्याच जागी अडला आणि तिथंच कुढत राहिल्यासारखा गुरगुरला.

"सेल उतरलेत," आई म्हणाली.

"नवे आहेत," भिंगरी म्हणाली.

आप्पांनी सेल सोडवले. डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखानं तिन्ही गुंडाळ्या चाचपल्या. पहिली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली.

"दोघी एका वाटेनं चालल्यात," ते म्हणाले. "तिसरी उलट्या वाटेनं."

"ते माझंच असणार," धाकटा पटकन म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो मी, आप्पा. भरल्या असतील उलट्या."

आप्पांनी डोळे उघडले, पण त्याच्याकडं बघितलं नाही. थोरलीकडं बघितलं.

"उजव्या हातानं का भरलीस?"

आई उठली. "मी चहा टाकते."

"बस," आप्पा म्हणाले.

आई बसली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग ती वाकड्या खिळ्यांच्या डब्याकडं बघत म्हणाली, "पोरांना बोलू नका काही. खोटं मी बोलले होते. तुमचा हात पडला असता त्याच्यावर. थोरलीनं भरली होती ती."

"ठाऊक आहे."

बाहेरच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं. तिची टकटक दारापाशी आली आणि लांब गेली.

"कधीपासून?" थोरलीनं विचारलं. आपला आवाज इतका साधा येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"त्याच संध्याकाळी. जोडली तर पंखा उलटा फिरला. डावऱ्या माणसानं भरली की फिरतोच. मी दोन तारा अदलाबदल केल्या, सुलटा झाला. तुम्ही तिघंही बघत होतात."

आईनं कपाळाला हात लावला. अडतीस वर्षं तिनं ज्याच्यापासून जपून ठेवलं, त्यानंही ते तिच्यापासून जपून ठेवलं होतं. एकाच घरात, एकाच ताटाच्या दोन बाजूंना बसून.

धाकटा पायरीवरून उठला. गिऱ्हाइकांना हसवणारा त्याचा चेहरा कुठं गेला होता कोण जाणे. "एकोणतीस वर्षं मी हे शटर वर केलं," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज यांना कळणार. बोटं कापून घेतलीत मी, आप्पा. मुद्दाम. आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"बाबा," भिंगरी म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलायचा थांबला नाही.

"मला हे नको होतं. हिला हवं होतं. आजसुद्धा सकाळपासून ही त्या यंत्राभोवती घुटमळतेय, मला काय दिसत नाही? मग मला का बसवलंत इथं? ताईला का नाही दिलंत?"

थोरली खाली बघत राहिली. प्रश्न तिचा होता. तो भावाच्या तोंडून ऐकताना तिला जे वाटलं ते राग नव्हता. कोणाचं तरी बोट अंधारात हाताला लागावं, तसं काहीतरी होतं. उत्तर तिला ठाऊक होतं. आईला होतं, धाकट्यालाही होतंच. अभ्यास, वार्निश, काळे हात, सगळ्या कारणांच्या तळाशी ते होतं, आणि आजवर कोणीही तळापर्यंत हात घातला नव्हता.

आप्पांनी तिची फसलेली गुंडाळी उलगडायला घेतली. सगळे वाट बघत होते आणि तार सुटत होती. सुटून झाल्यावर त्यांनी आर्मेचर थोरलीपुढं धरलं.

"पुन्हा भर. तुझ्या हातानं."

धाकटा हताश हसला. "बघ. मोजणी लावली."

पण थोरलीनं ते घेतलं. आर्मेचर उजव्या हातात, तार डाव्या. भिंगरीनं न सांगता रीळ उचललं.

"एक. दोन. तीन."

या वेळी हाताला काही सांगावं लागलं नाही. तार जागच्या जागी बसत गेली, वेढ्याला वेढा टेकून. तेविसाव्या वेढ्याला तिला भोवतीच्या माणसांचं भान राहिलं नाही. चाळिसाव्याला ती माळ्यावर होती, तेरा वर्षांची, पायाशी मांजर, खालून भावाचे हुंदके, आणि बोटांच्या टोकांशी ती विलक्षण गोष्ट, की आपल्याला हे येतंय. ऊन तिच्या मनगटावर चढलं होतं. आई, धाकटा, भिंगरी, सगळे त्या सुरात बसले होते, श्वास सांभाळत.

"सत्तावन्न. अठ्ठावन्न."

"थोरले," आप्पा म्हणाले.

आईनं दचकून वर बघितलं. मोजणी चालू असताना या घरात कोणी बोललं नव्हतं, आणि आप्पा तर नाहीच नाही. थोरलीचा हात थांबला. तार तिनं अंगठ्याखाली दाबून धरली.

आप्पा तिच्या हाताकडं बघत होते.

"तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. माझाही नव्हता. दुकान तुझं होतं. तू मुलगी होतीस म्हणून नाही दिलं. दुसरं काही कारण नव्हतं."